गुहागरजवळच्या कौलारू घरावर कोणता पत्रा घालावा?

गुहागर तालुक्यात समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर तुमचे चिऱ्याच्या भिंतींचे, मंगलोरी कौलांचे जुने घर आहे. माकडांनी कौले फोडल्यामुळे दरवर्षीची शाकारणी आवाक्याबाहेर गेली आहे. कुटुंब मुंबईत असल्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंद असते, आणि आता कौले उतरवून पत्रा घालायचे घरात ठरले आहे. फॅब्रिकेटरने तुम्हाला रंगीत जी.आय. (जस्ताचा लेप दिलेला पोलादी) पत्रा, रंगीत गॅल्व्हल्यूम (ॲल्युमिनियम आणि जस्ताचा लेप दिलेला पोलादी) पत्रा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा असे तीन दर दिले आहेत. यांतला कोणता घ्यावा आणि महाग पत्रा खरोखरच जास्त टिकतो का, हे तुम्हाला हवे आहे.

माझे मत आधीच सांगतो. तुमच्या जागेसाठी पहिली पसंती ०.७ मिलिमीटर किंवा त्याहून जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याला द्यावी. तेवढे पैसे घालायचे नसतील तर प्रत्येक चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम लेप असलेला रंगीत गॅल्व्हल्यूम घ्यावा, पण तो कमी लेपाचा मुळीच घेऊ नये. रंगीत जी.आय. पत्रा सांगलीला किंवा साताऱ्याला मी आनंदाने सुचवला असता. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या घरावर तो घालणे मला पटत नाही. मात्र यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या पत्रात आलेलीच नाही, ती म्हणजे हे छप्पर भिंतींना कसे बांधले जाणार आहे. पत्रा कितीही चांगला निवडला तरी त्याचे आयुष्य शेवटी त्या प्रश्नावर ठरते, म्हणून त्याकडे मी सविस्तर येणार आहे.

आधी लेपाबद्दल. जी.आय. असो वा गॅल्व्हल्यूम, आत पोलादच असते आणि दोन्हींतले पोलाद उघडे पडले की सारख्याच वेगाने गंजते. फरक वरच्या काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) लेपात आहे. जी.आय. पत्र्यावर जस्ताचा लेप असतो आणि तो भारतीय मानक २७७ प्रमाणे ग्रॅममध्ये सांगितला जातो: १२०, १८०, २२०, २७५ असे त्याचे दर्जे असतात आणि हे ग्रॅम एका चौरस मीटरच्या दोन्ही बाजू मिळून मोजलेले असतात. १२० ग्रॅमचा लेप एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन भरतो आणि २७५ ग्रॅमचा सुमारे १९ मायक्रॉन. हवेच्या गंजकारकतेचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्यात खाऱ्या हवेचा जो चौथा वर्ग आहे, त्यात उघडे जस्त वर्षाला साधारण २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजते असे धरले जाते आणि पाचव्या वर्गात याच्या दुप्पट. तुमची जागा मी चौथ्या वर्गापेक्षा सौम्य धरणार नाही. आता हिशेब तुम्हीच करून पाहा: १२० ग्रॅमचा लेप उघडा पडला तर दोन ते चार वर्षांत संपतो आणि २७५ ग्रॅमचा साडेचार ते नऊ वर्षांत. वर रंग असतो म्हणून प्रत्यक्ष आयुष्य वाढते हे खरे, पण कापलेल्या कडा, स्क्रूची भोके आणि खरवडलेल्या जागा येथे रंग नसतोच, आणि गंजाची सुरुवात नेहमी तिथूनच होते. बाजारात दुकानात सहज मिळणारा रंगीत जी.आय. पत्रा बहुधा कमी लेपाचा असतो. २७५ ग्रॅमचा हवा असेल तर तो मागवावा लागतो.

गॅल्व्हल्यूमच्या लेपात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. बेथलेहेम स्टील या अमेरिकी कंपनीने तो १९७२ साली बाजारात आणला आणि आज वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या नावाने तोच लेप विकतात, त्यामुळे नावाच्या मागे न लागता लेपाचे ग्रॅम विचारावेत. हा लेप जस्तापेक्षा हलका असल्यामुळे १५० ग्रॅमचा लेपही एका बाजूला २० मायक्रॉन भरतो, म्हणजे जी.आय.च्या २७५ ग्रॅमच्या बरोबरीला येतो, आणि तेवढ्याच जाडीच्या जस्ताच्या दोन ते चार पट टिकतो. यातले ॲल्युमिनियम पृष्ठभागावर आवरण धरून ठेवते आणि जस्त कापलेल्या कडेवर स्वतः झिजून पोलादाला वाचवते. कडेच्या संरक्षणात मात्र तो शुद्ध जस्ताच्या थोडा मागे पडतो. म्हणून किनाऱ्यावर रंगीत गॅल्व्हल्यूमच्या खालच्या कडेला काही वर्षांनी रंगाखाली फुगवटे येऊन ते वर सरकताना दिसतात. तो पत्रा फसवा निघाला असे त्याचा अर्थ कोणी करू नये. पण वळचणीची कड पाणी धरून न ठेवता टपकन सोडेल अशी बसवणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून कळते.

दुकानात ७० किंवा ९० ग्रॅम लेपाचे पत्रेही गॅल्व्हल्यूम म्हणूनच विकले जातात. रंगाखाली लेप दिसत नाही आणि दोन्ही पत्रे शेजारी ठेवले तर अनुभवी माणसालाही नजरेने फरक सांगता येणार नाही. बिलावर आणि कॉइलच्या (कारखान्यातून येणाऱ्या पत्र्याच्या गुंडाळीच्या) चाचणी प्रमाणपत्रावर लेपाचा आकडा असणे, एवढीच त्यावरची खात्री आहे.

समुद्राकाठी आणखी एक गोष्ट घडते, ती घरमालकाच्या सहसा लक्षात येत नाही. पत्र्याची वरची बाजू पावसाळ्याचे चार महिने स्वच्छ धुऊन निघते, त्यामुळे साचलेले मीठ तिथे राहत नाही. वळचणीखालच्या बाजूला, पडवीच्या पत्र्याच्या पोटाला आणि आढ्याच्या पट्टीखाली पाऊस पोहोचतच नाही, पण खारा वारा पोहोचतो. ते मीठ रात्रीच्या दमट हवेत ओले होते, दुपारी वाळते, पुन्हा ओले होते, आणि हे नोव्हेंबरपासून मेपर्यंत चालू राहते. त्यात रंगीत पत्र्याच्या खालच्या बाजूचा रंग वरच्यापेक्षा निम्म्याहून कमी जाडीचा असतो. म्हणूनच किनाऱ्यावरची छपरे खालून सडतात आणि वरून पाहणाऱ्याला ती चांगली दिसत राहतात. राहत्या घरात निदान कोणी तरी वर मान करून बघते. बंद घरात पहिले भोक पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. ॲल्युमिनियम सुचवण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे. त्यात लेप झिजण्याचा प्रश्न नाही, कापलेली कड आणि मधला भाग यांत फरक नाही, आणि देखभाल चुकली तरी तो तांबड्या गंजाने भोकावत नाही. ओला पालापाचोळा वर्षानुवर्षे साचून राहिला तर त्यालाही बारीक खड्डे पडतात, पण ती क्रिया संथ असते.

ॲल्युमिनियमचे तोटेही नीट समजून घ्या, कारण ते न समजता घातलेली छपरे पाचव्या वर्षी गळतात आणि मग दोष धातूला दिला जातो. पहिला तोटा असा की त्याचा ताठपणा पोलादाच्या एकतृतीयांश असतो. ०.५ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याला खालचे आधार चार फुटांवर चालतात, तर ०.७ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमला ते तीन फुटांच्या आतच हवेत, आणि कामगारांनी चालताना पाय आधारावरच टाकायला हवा. घरावर माडाच्या झावळ्या येत असतील तर पडणाऱ्या नारळाने त्याला पोचे पडतील; पोलादी पत्र्यालाही पडतात, याला अधिक. दुसरा तोटा प्रसरणाचा आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४५ अंशांचा फरक धरला, तर सहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे सहा मिलिमीटरने वाढतो आणि पोलादाचा तीनने. ही वाढ सामावून घेण्यासाठी पत्र्याला स्क्रूपेक्षा थोडे मोठे भोक पाडावे लागते आणि ते झाकणारे रुंद वायसर वापरावे लागते. भोक घट्ट ठेवले तर पत्रा रोज थोडा थोडा ओढून तेच भोक लांबट करतो. तिसरी बाब संपर्काची. पोलादाला ओलसर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम थेट टेकले तर ते स्वतः झिजते, म्हणून जिथे लोखंडी किंवा जी.आय. चौकोनी पाइप आधाराला असेल तिथे मधे चिकटपट्टी किंवा रबराची पट्टी घालावी लागते. तुमचे छप्पर लाकडी वाशांचे असल्यामुळे हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्भवणारच नाही, आणि माझी पसंती ॲल्युमिनियमकडे झुकण्याचे हेही एक कारण आहे.

जाडीच्या बाबतीत गेजची भाषा सोडून द्या. फॅब्रिकेटर चोवीस गेज म्हणतो तेव्हा ब्रिटिश मापाने ते ०.५६ मिलिमीटर होते आणि अमेरिकी जी.आय. मापाने ०.७०. हा फरक लहान नाही. मिलिमीटरमध्ये बोलतानाही एक खोच असते. तुम्हाला सांगितलेला ०.५० हा आकडा नुसत्या पोलादाचा आहे, लेपासह आहे की लेप आणि रंग दोन्ही धरून आहे? १५० ग्रॅमचा लेप दोन्ही बाजू मिळून ०.०४ मिलिमीटर आणि रंग आणखी सुमारे ०.०३५ मिलिमीटर घेतो, म्हणजे सगळे धरून ०.५० असलेल्या पत्र्यात पोलाद ०.४२५ च उरते. ताकद पोलादाची असते. म्हणून दर मागताना मूळ पोलादाची जाडी लिहून मागावी. घरासाठी ती ०.४५ असावी.

हे जागेवर पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही, रेशन दुकानातल्यासारखा वजनकाटा पुरतो. पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. बहुतेक नालीदार पत्रे १.२२ मीटर रुंदीच्या सपाट कॉइलमधून दाबून काढतात, त्यामुळे बारा फुटी पत्र्यात साडेचार चौरस मीटरला थोडा कमी सपाट पत्रा गेलेला असतो. मूळ पोलाद ०.४५ असेल तर असा पत्रा लेप आणि रंगासह साडेसोळा किलोंच्या आसपास भरला पाहिजे. काटा पंधरावर थांबला, तर तुमच्याकडे ०.४० चा माल आला आहे. टेम्पो रिकामा होण्यापूर्वी दोन-तीन पत्रे वजन करून घ्यावेत. पत्रे एकदा छपरावर चढले की हा वाद घालता येत नाही. कॉइलची रुंदी वेगळी असेल तर त्या प्रमाणात हिशेब बदलतो, म्हणून ती आधी विचारून ठेवावी.

आता वाऱ्याकडे येतो. मंगलोरी कौलांचे छप्पर प्रत्येक चौरस मीटरला चाळीस किलोंच्या वर वजन टाकते, आणि पावसात भिजल्यावर आणखी. ते छप्पर स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेले असते. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आतबाहेर होत असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब फार वेगळा राहत नाही, आणि वादळात काही कौले उडाली तरी सांगाडा सहसा शिल्लक राहतो. त्यावर तुम्ही पत्रा घातला की वजन एकदशांशावर येते आणि फटी बंद होतात. सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९३ किलोंइतका दाब निर्माण करतो. उतरत्या छपराच्या वाऱ्याआडच्या पाख्यावर, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांवर हा दाब पत्रा वर खेचण्याचे काम करतो आणि तिथे तो सरासरीपेक्षा बराच जास्त असतो. त्यात खिडकी फुटली किंवा पडवी उघडी असली, तर आतून ढकलणारा वारा त्यात मिळतो. चौरस मीटरला जेमतेम चार किलो भरणारा पत्रा त्याच्यासमोर स्वतःच्या वजनावर राहू शकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत असंख्य छपरे गेली. त्यानंतर त्या पट्ट्यात पडलेली छपरे जवळून पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: पत्र्याला स्क्रू घट्ट होते, पत्रा रिपेला (वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीला) धरून होता आणि रीप वाशापासून उपटली गेली होती, कारण ती जुन्या दोन इंची खिळ्यांवर होती. काही घरांत वासेच भिंतीवरून उचलले गेले होते.

म्हणून पत्रा मागवण्यापूर्वी पुढचे काम करून घ्या. कौलांच्या जुन्या रिपा एकेक फुटावर असतात, त्यामुळे आधार भरपूर आहे असे वाटते. पण त्या पातळ असतात, त्यांत स्क्रूला पकड मिळत नाही आणि अनेक ठिकाणी त्या वाळवीने पोखरलेल्या असतात. त्या काढून किमान तीन इंच बाय दोन इंचांच्या नव्या रिपा घालाव्यात आणि प्रत्येक वाशावर त्या खिळ्याने न ठोकता लांब स्क्रूने किंवा बोल्टने आवळाव्यात. वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने बांधावेत. सर्वांत अवघड भाग तुळई भिंतीला बांधण्याचा असतो, कारण चिऱ्याची जुनी भिंत मातीत किंवा चुन्यात रचलेली असते आणि तिच्या माथ्यावर ठोकलेला अँकर वरचा एकच चिरा घेऊन बाहेर येतो. शक्य असेल तर भिंतीच्या माथ्यावर सलग आर.सी.सी. बेल्ट घालून त्यात बोल्ट सोडावेत. ते जमणार नसेल तर गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या भिंतीच्या आतल्या बाजूने तीन-चार थर खाली नेऊन तिथे आरपार बोल्टने धरावे, म्हणजे उचलणाऱ्या वाऱ्याला भिंतीचे वजन उचलावे लागेल. एवढ्या खर्चासाठी पत्र्याचा दर्जा एक पायरी खाली आणावा लागला तरी मी तो आणेन आणि हे काम सोडणार नाही.

स्क्रूचा विषय लोक शेवटच्या दिवशी फॅब्रिकेटरवर सोडतात, आणि तो पेटीत असतील ते मारतो. नुसती जस्ताची झिलई असलेले स्वस्त स्क्रू तुमच्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत डोक्याकडून तांबारतात आणि त्यांचा गंज पत्र्यावर ओघळतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टेनलेस स्टीलचे, समुद्राच्या इतक्या जवळ शक्यतो ३१६ दर्जाचे स्क्रू वापरावेत. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम हे वेगवेगळे धातू असले तरी स्क्रूचा आकार पत्र्याच्या तुलनेत नगण्य असल्यामुळे आणि मधे रबराचे वायसर असल्यामुळे ही जोडी चालते. गॅल्व्हल्यूमवर मात्र स्टेनलेस टाळावे आणि जाड लेपाचे, किनारी वापरासाठी बनवलेले स्क्रू मागवावेत. लाकडात जाणाऱ्या स्क्रूला लाकडाचे आटे हवेत. लोखंडी पाइपसाठीचा ड्रिलटोकाचा स्क्रू लाकडात नीट धरत नाही. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, आधाराला काटकोनात मारावा. वायसर नीट आवळले आहे की नाही हे बोटाने कळते: काळ्या रबराची कड धातूच्या चकतीच्या बाहेर केसभर दिसली पाहिजे. ती चिरडून वेडीवाकडी बाहेर आली असेल तर रबर दोन उन्हाळ्यांत फाटते, आणि चकती हाताने फिरत असेल तर पहिल्याच पावसात पाणी आत येते. आढ्याजवळच्या, वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या बाजूच्या रिपांवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घालावा. मधल्या भागात एक सोडून एक चालतो.

पत्रा कापायला ग्राइंडर वापरू देऊ नका. त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेले पोलादी कण असतात. ते रंगात रुतून बसतात आणि पहिल्या पावसानंतर नव्या छपरावर तांबडे ठिपके उमटतात. शिवाय कापलेल्या कडेचा लेप आणि रंग जळून जातो. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापावे, मापाचे पत्रे कारखान्यातूनच कापून आणावेत, आणि रोज संध्याकाळी स्क्रूच्या भोकांचा लोखंडी कीस मऊ झाडूने छपरावरून झाडून काढावा. पत्रे आणल्यावर ते उघड्यावर एकावर एक ठेवून त्यांवर ताडपत्री झाकून ठेवू नये. मधे दमट हवा अडकली की पांढरा गंज धरतो. रंगीत पत्र्यावरची पारदर्शक संरक्षक फिल्म त्याच दिवशी काढावी, ऊन लागल्यावर ती निघत नाही.

आपल्याकडचे गवंडी आढ्याच्या पट्टीची टोके आणि भिंतीला टेकणारी पत्र्याची कड सिमेंटच्या मालाने भरून घेतात. हे ॲल्युमिनियमलाही चालत नाही आणि गॅल्व्हल्यूमलाही, कारण ओले सिमेंट आणि चुना हे अल्कधर्मी असतात आणि ॲल्युमिनियम अल्कात विरघळते. तिथे पत्र्याचीच पट्टी वाकवून बसवावी आणि फट सिलिकॉन सीलंटने भरावी. तसेच तांब्याला स्पर्श झालेले पाणी या छपरावर पडू देऊ नये. वीजरोधकाची तांब्याची पट्टी पत्र्यावरून न्यायची नाही आणि एसीचे पाणी पत्र्यावर सोडायचे नाही. नव्या मोबाइल टॉवरच्या किंवा सौर पाण्याच्या टाकीच्या जोडणीवाल्यालाही हे आधीच बजावून ठेवावे.

आकाराबद्दल तुम्ही कौलाच्या नक्षीचे पत्रे विचारले आहेत. ते दिसायला छान असतात आणि गावातल्या इतर घरांशी जुळतात, पण त्यांतल्या आडव्या पायऱ्यांवर आंब्याफणसाची पाने अडकतात, ती ओली राहतात आणि मीठही तिथेच साचते. शिवाय खोल दाबून नक्षी काढताना वळणांवर रंग ताणला जातो. तुमच्या घराचा उतार चांगला तीव्र आहे. त्यावर सरळ, उंच नालीचा साधा पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध लांबीचा घातला तर पाणी, पाने आणि मीठ एकाच पावसात खाली उतरतात आणि मधे जोडच राहत नाही. ॲल्युमिनियमची लांबी मात्र सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. पाखा त्याहून लांब असेल तर दोन तुकडे करून जोडावर दहा इंचांचा ओव्हरलॅप द्यावा. पत्र्यावर शोभेसाठी पुन्हा कौले रचण्याची पद्धत अलीकडे दिसते, ती मी किनाऱ्यावर कोणालाच सुचवत नाही. दोन्हींच्या मधे कायम ओल आणि पाचोळा राहतो आणि पत्रा झाकलेल्या जागीच कुजतो.

उष्णतेचा विचार आत्ताच करा, नंतर तो महाग पडतो. कौलांखालच्या खोल्या मे महिन्यात सुसह्य असतात, कारण गरम हवा फटींतून निघून जाते. पत्रा ती अडवतो. फिकट राखाडी किंवा दुधाळ रंग विटकरी रंगापेक्षा बरेच कमी ऊन शोषतो, म्हणून विटकरीचा हट्ट नसेल तर फिकट रंग घ्यावा. रिपांखाली चकाकत्या बाजूची इन्सुलेशन शीट घालताना तिच्या आणि पत्र्याच्या मधे किमान एक इंच मोकळी जागा ठेवावी, नाहीतर ती उष्णता परतवू शकत नाही. आढ्याला जाळीसह वायुवीजनाची पट्टी आणि वळचणीला हवेसाठी फट ठेवली, तर गरम हवा वर निघून जाते आणि हिवाळ्यातल्या पहाटे पत्र्याच्या पोटाला जमणारे दवही वाळते. फटींना जाळी न विसरता लावावी, बंद घरात वटवाघळे आणि गांधीलमाश्या राहायला येतात.

हे उत्तर तुमच्या जागेसाठी आहे. दुसऱ्या जागेसाठी ते बदलेल. गाईगुरांच्या गोठ्यावर आणि कोंबड्यांच्या शेडवर गॅल्व्हल्यूम घालू नये, कारण शेणमुताचा अमोनिया त्याच्या लेपाला खातो. पुण्यात किंवा कोल्हापुरात गच्चीवर शेड करायची असेल तर ०.४५ चा रंगीत पत्रा पुरे आहे. विदर्भात निवडीचा पहिला निकष गंज नसून उष्णता असतो, आणि तिथे पत्र्याची जात बदलण्यापेक्षा पन्नास मिलिमीटरच्या पफ पॅनेलवर (दोन पत्र्यांमधे फोम भरलेल्या तक्त्यांवर) पैसे घालणे योग्य ठरते. तांबे आणि जस्ताचे सलग पत्रे देवळांना आणि मोठ्या वास्तूंना शोभतात, पण त्यांना कुशल पत्राकाम करणारे हात लागतात आणि ते तुमच्या गावाजवळ मिळतील असे मी धरून चालणार नाही.

खर्चाची तुलना करताना नुसत्या पत्र्याचे तीन दर शेजारी ठेवू नका. कौले उतरवणे, रिपा, बांधणीच्या पट्ट्या, मजुरी आणि वाहतूक हा खर्च कोणताही पत्रा घेतला तरी जवळजवळ तेवढाच येतो, आणि दहा वर्षांनी पत्रा बदलावा लागला तर त्यातली मजुरी, वाहतूक आणि जुना पत्रा उतरवणे हे सगळे पुन्हा द्यावे लागते. शिवाय ॲल्युमिनियमला मोडीत चांगला भाव येतो, गंजलेल्या पोलादी पत्र्याला जवळजवळ येत नाही. कंपनीचे हमीपत्र मात्र पैसे देण्यापूर्वी वाचून पाहा. समुद्रापासून किती अंतराच्या आत हमी लागू होत नाही, हे अनेक हमीपत्रांत स्पष्ट लिहिलेले असते, आणि तुमचे घर त्या अंतराच्या आत येण्याची शक्यता आहे.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावे. पाऊस थांबल्यावर लाकूड सुकायला महिनाभर मिळतो, सडके वासे ओळखता येतात आणि मेमध्ये घाईघाईने छप्पर उघडे टाकण्याची वेळ येत नाही. त्यानंतर शिमग्याला आणि मेमध्ये घरी याल तेव्हा वळचणीखालची आणि पडवीखालची बाजू विहिरीच्या गोड्या पाण्याने नळी लावून धुवावी, पन्हळीतला पाचोळा काढावा आणि वळचणीच्या रांगेतले स्क्रू हाताने तपासावेत. कौले उतरवल्यावर वाशांचे माप, त्यांच्यामधले अंतर आणि पाख्याची लांबी मला कळवलीत, तर रिपांचे नेमके अंतर आणि स्क्रूंची संख्या काढून देईन. तोपर्यंत पत्र्याची मागणी फॅब्रिकेटरला देऊ नये.